काल रात्री काही झालं नाही

माणूस पोलीस ठाण्यात कधी जातो? घर फुटलं, बैल चोरीला गेला, बांधावरून भावाभावांत डोकी फुटली, म्हणजे जातो. सुखाचा माणूस ठाण्यावरून जाताना पाय उचलून चालेल, पण आत डोकावणार नाही. आमचे नागोकाका मात्र रोज सकाळी आंघोळ करून, मुंडासं नीट बांधून ठाण्यात जात. अन् ते कशाला, तर काल रात्री काही झालं नाही, हे सांगायला.

मी पदरचं सांगत नाही. अमरावतीत त्या वेळी रहीमखाँ नावाचे जमादार नवीन आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "क्या हुआ?"

"काई नाई झालं, साहेब."

"तो फिर आया कायकू?"

"तेच सांगाले आलो. काल राती आमच्या गल्लीत जाळ लागला नाई. कापूस जसाच्या तसा हाये. लोकं जित्ते हायेत."

"तो मैं क्या करूं? नाचूं?"

"नाचू नोका, साहेब. पन ध्यानात ठेवा."

शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी नागोकाका पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. जमादार ओरडले, खवळले, कोठडीत टाकण्याची धमकी देऊन झाली. कोठडीचं नाव काढल्यावर काकांनी आत जाऊन कोठडीतला दिवा अंथरलेल्या गवताच्या किती जवळ आहे ते पाहिलं अन् तो हलवायला लावला. पुढं पुढं जमादार त्यांच्यासाठी तंबाखू काढून ठेवायला लागले. आमच्या सासऱ्यांना ते एकदा म्हणाले होते, "सारा शहर मेरे पास रोने को आता है. ये एकही पागल है जो अच्छी खबर लाता है."

माझी अन् नागोकाकांची पहिली भेट तर याहून भारी. मी मूळची चांदूरची. आई लहानपणीच गेली, बापानं वाढवलं अन् अमरावतीत दिलं. शहराच्या परकोटाच्या आत, वेशीजवळ आमची गल्ली. सासरी पहिल्या दिवशी स्वयंपाक केला, भांडी आवरली अन् चुलीपुढं बसून घाम पुसते आहे, तो पांढऱ्या मिशांचा एक उंच काटकुळा माणूस "वैनी, चूल झोपली काय?" असं ओरडत सरळ स्वयंपाकघरात घुसला. माझ्यासमोर उकिडवा बसला अन् चुलीच्या राखेत त्यानं मनगटापर्यंत हात घातला. मी नवी नवरी. मला कोण सांगणार हा चोर की वेडा? हाताशी फुंकणी होती, लोखंडाची. ती उचलली अन् घातली त्याच्या पाठीत.

सासूबाई धावत आल्या. "अवं पोरी, थांब! नागोजी हायेत ते! रोज येतेत!"

काका पाठ चोळत उठले. मला वाटलं आता ओरडतील. ते सासूबाईंना म्हणाले, "हात चांगला हाये पोरीचा. आग लागली तं कामात येईन." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "उजव्या कोपऱ्यात एक निखारा जागा हाये. पानी मार."

खरंच होता, मेला.

तर असं ते रोज दिवेलागणीनंतर गल्लीतल्या प्रत्येक घरात जात. राखेत हात घालून पाहत. चूल थंड असली की "झोपली," म्हणत अन् पुढच्या घरी जात. जाताना जे देऊ ते घेत, अर्धी भाकर, मिरचीचा ठेचा, कधी पिठल्याचा गोळा. आम्हाला वाटायचं हा त्यांचा मान आहे. जोशीबुवांच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात त्यांना कोण घेणार? तर ते मागच्या खिडकीशी उभं राहून वास घेत. जोशीकाकू आतून म्हणत, "झोपली हो, नागोजी!" हे बाहेरून म्हणत, "झोपली नाई, घोरून राह्यली. धूर येते." काकू चडफडत उठायच्या अन् पाण्याचा तांब्या ओतायच्या.

जोशीबुवांच्याच मुलीच्या लग्नात होमाशेजारी हे पाण्याची घागर घेऊन बसले. नवरदेवाकडच्यांना वाटलं, ही इकडची काही रीत असेल. त्यांनी घागरीला हळदकुंकू वाहिलं. होळीच्या दिवशी तर विचारूच नका. आमच्या गल्लीची होळी साऱ्या अमरावतीत सगळ्यात लहान. नागोकाका काटक्या मोजूनमापून देत अन् पेटली की दोन घागरी घेऊन तिच्या उशापायथ्याशी उभे राहत. पोरं बोंब मारायला सुरुवात करेपर्यंत होळी विझलेली असे. पोरं मग काकांच्याच नावानं बोंब मारायची.

त्यांचं घर आमच्या समोरच. मातीच्या भिंती, वर मातीचंच धाबं, गवताची एक काडी नाही. ओट्यावर बसून दिवसभर अंबाडीचे दोर वळायचे. दोर असे चिवट की लांबलांबचे गाडीवाले त्यांच्या दारी यायचे. पातुराकडचे आहेत, एवढंच लोकांना ठाऊक. एकटेच. घराचं दार कायम लोटलेलं. आत कोणी गेलेलं नव्हतं अन् त्यांनी कोणाला बोलावलंही नव्हतं.

आता कापसाचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल माणसाला नुसतं खूळ होतं.

त्या वर्षांत कापसाला काय झालं होतं कोण जाणे! समुद्रापलीकडं अमेरिका नावाच्या मुलखात लढाई लागली म्हणे. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतेचे लोक वऱ्हाडाच्या नावानं टाहो फोडायला लागले. आमचे मामंजी, म्हणजे सासरे संपतराव, यांनी विलायत तर सोडा, मुंबईही पाहिली नव्हती. पण रोज ओट्यावर बसून चिलीम ओढत ते विलायतेच्या मनात काय आहे ते सांगत. त्यांचं म्हणणं एकच, भाव अजून चढणार. म्हणून वावरातला कापूस गाड्या भरभरून घरात आला अन् घरातून बाहेर जाईना. माजघर भरलं. पडवी भरली. देवघर भरलं तेव्हा देव शिंक्यावर गेले. डाळीत कापूस, ताकात कापूस. आमचे हे सकाळी उठून बसले की एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसायचे. अन् असं आमच्याच घरी नाही, गल्लीत सगळीकडं हेच. वर तुराट्यांची छपरं, आत छपरापर्यंत कापूस, अन् मधे तेलाचा दिवा अन् चूल.

नागोकाकांची झोप उडाली. येता जाता मामंजींना म्हणायचे, "संपतभाऊ, हा कापूस नाई, बारूद हाये, बारूद! अन् तुमी बारुदीवर बसून चिलीम ओढून राह्यले!"

"तू तुहे दोर वळ," मामंजी म्हणायचे.

त्यात कापसाच्या बाजारासाठी सरकारनं एक बंब आणला. चार चाकांचा, लाल, पोटात पाणी. दोघांनी दांडा खालीवर केला की नळीतून पाणी उडायचं. तो ठाण्यात ठेवला होता. नागोकाका त्याला पाहायला गेले ते देवदर्शनाला गेल्यासारखे, चपला बाहेर काढून. अन् जमादारांच्या मागं लागले की एकदा आमच्या गल्लीत आणून पाहा, येतो का. जमादारांनी पिच्छा सुटावा म्हणून आणला. बंब गल्लीच्या तोंडाशी आला, थोडा पुढं आला अन् आमच्या ओट्याला अडला. मामंजींनी तो ओटा दर वर्षी थोडा थोडा पुढं सरकवला होता.

"संपतराव, ओटा काटना पडेगा," जमादार म्हणाले.

मामंजी काळेनिळे झाले. ओटा कापला गेला तेव्हा ते तोंड फिरवून बसले होते, जणू त्यांचाच पाय कापताहेत. त्या दिवसापासून त्यांनी नागोकाकांशी बोलणं टाकलं. काकांनी येणं टाकलं नाही. ते येऊन मामंजींच्या समोरून आत जात, राखेत हात घालत अन् समोरूनच बाहेर पडत.

मग आली कवायत. जमादारांना आता या खेळात गोडी वाटायला लागली होती. ठरलं असं की नागोकाका परात बडवतील. परात वाजली की प्रत्येक घरातून एक बाई दारातली भरलेली घागर घेऊन निघेल, विहिरीपासून रांग लागेल अन् घागरी हातोहात पुढं जातील. शेवटी पाणी ओतायला खुद्द जमादार उभे. परात वाजली. बायका हसत सुटल्या, कोणी पदर सावरते, कोणी घागर विसरून नुसतीच पळते. आमच्या सासूबाईंनी घाईत हाताला लागली ती घागर उचलली. ती हातोहात पुढं गेली अन् जमादारांनी ऐटीत भिंतीवर फेकली. निम्मं भिंतीवर गेलं, निम्मं त्यांच्या दाढीवर उडालं. ताक होतं. सबंध गल्ली पोट धरून हसली. जमादारांनी मिशी चाटली अन् म्हणाले, "नमक कम है, भाभी."

पण पुढच्या वेळी रांग नीट लागली. हसत हसत का होईना, बायांना सवय झाली. हे श्रेय मी नागोकाकांना देते, अन् थोडं ताकालाही.

त्याच थंडीत माझे दिवस भरत आले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण मला आई कुठं होती? म्हणून ते सासरीच व्हायचं ठरलं. आमच्याकडं बाळंतिणीला शेक लागतो. तिला बाजेवर निजवायचं अन् बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची. सकाळ संध्याकाळ, सव्वा महिना. त्याशिवाय बाईच्या अंगात वारं शिरतं, कंबर जन्माची जाते, असं सासूबाईंचं म्हणणं, अन् त्यांच्या सासूबाईंचंही तेच. खोली ठरली माजघरामागची. तिच्या तिन्ही भिंतींना छपरापर्यंत कापूस रचलेला. मधे बाज मावेल एवढी जागा. बाजेखाली शेगडी.

सासूबाई म्हणाल्या, शेगडी पाहिजेच. मामंजी म्हणाले, कापूस हलणार नाही. आमचे हे दोघांच्या मधे उभे राहून कधी आईकडं पाहत, कधी बापाकडं. मला कोणी विचारलं नाही. मला भीती वाटत होती. खरं सांगते, मरणाची भीती वाटत होती. मी दिवसा त्या खोलीत जायची अन् बाजेवर बसून वर पाहायची. हात लांब केला की कापसाला लागायचा. पोटातलं लेकरू लाथ मारायचं, अन् मला वाटायचं, त्यालाही इथं यायचं नाही.

एका संध्याकाळी काका राख पाहायला आले तेव्हा मी रडत होते. मी त्यांना खोली दाखवली. ते दारातच थांबले. आत पाऊल टाकलं नाही. त्यांचं तोंड असं उतरलं की मीच घाबरले. मग ते वळले अन् थेट ओट्यावर मामंजींसमोर जाऊन उभे राहिले.

"संपतभाऊ, एक तं कापूस काढा, नाई तं शेगडी. दोनी एका खोलीत ठेवाचे नाई."

मामंजी कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी बोलले, ते असं. "नागो, तुले बायको ना लेकरू. तुले बाळंतपनातलं काय समजते? माह्या घरात नाक खुपसू नोको."

मला वाटलं काका आता चांगलं सुनावतील. पण ते वळले अन् रस्ता ओलांडून घरात गेले. त्या संध्याकाळी पुढच्या एकाही घरात ते राख पाहायला गेले नाहीत. जोशीकाकू खिडकीशी उभ्या राहून वाट पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातही खबर गेली नाही.

ऊन चांगलं वर आलं असेल. मी अंगणात बसले होते तो गल्लीच्या तोंडाशी खडखडाट झाला. पाहते तर पुढं रहीमखाँ जमादार धावताहेत, मागं दोन शिपाई बंब ढकलताहेत. कापलेल्या ओट्यावरून बंब सरळ आत आला.

"आग किधर है?" जमादार ओरडले.

मामंजी चिलीम घेऊन उभे राहिले. "कोनती आग?"

"नागोजी आया नहीं! खबर नहीं आयी तो आग लगी होगी ना?"

बायका सवयीनं घागरी घेऊन बाहेर आल्या होत्या, विहिरीकडं रांगही लागली होती. जमादारांनी काकांचं दार वाजवलं. दार उघडलं. काका बाहेर आले, मुंडासं नाही, डोळे लाल.

"क्यूं रे? कल कुछ हुआ क्या?"

"काल काई नाई झालं, साहेब. आता व्हाचं हाये." त्यांनी आमच्या घराकडं बोट केलं. "त्या पोरीचे दिवस भरले का त्या खोलीत शेगडी जाईन. तिन्ही बाजूनं कापूस हाये. मी आज खबर घेऊन नाई आलो. फिर्याद घेऊन येनार होतो, पन पाय उचलला नाई."

सगळी गल्ली माझ्या पोटाकडं पाहायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. जमादारांनी दाढी खाजवली. मामंजींकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं. "देखो नागोजी, अपने घर में कापूस रखना जुर्म नहीं. और जच्चा की खाट के नीचे क्या रखना, वो सरकार के हुकूम में नहीं आता. मैं क्या करूं?"

 मला वाटलं, झालं, आता सगळे पांगतील अन् मी त्या खोलीत जाईन. तेव्हा मला काय सुचलं देव जाणे. मी पदर नाकापर्यंत ओढला अन् मोठ्यांच्या समोर, जमादाराच्या समोर, उभी राहून म्हणाले, "काकाजी, तुमच्या घरात कापूस नाई ना? मंग मले तठी बाळंत होऊ द्या."

नागोकाकांना ते कळलंच नाही. ते म्हणाले, "माह्या घरात?"

"हाव."

"माह्या घरात चूलच नाई, पोरी."

तेव्हा गल्लीला कळलं की हा माणूस इतकी वर्षं आमच्या चुली झोपवत होता अन् स्वतःच्या घरात त्यानं विस्तवच येऊ दिला नव्हता. आम्ही दिलेली भाकर हेच त्याचं जेवण होतं.

मामंजी उसळले. "संपतरावाची सून परक्याच्या घरात बाळंत होईन? लोकं तोंडात शेन घालतीन!"

सासूबाईंनी हातातली घागर खाली ठेवली. त्या आयुष्यात मामंजींना उलटून बोलल्या असतील तर त्या दिवशी. "कापूस तुमचा हाये, तो तुमी सांभाळा. सून माही हाये." असं म्हणून त्यांनी माझा हात धरला अन् रस्ता ओलांडला.

जमादारांनी बंब फिरवला. जाताना शिपायांना म्हणत होते, "ये भाभी ताक भी फेंकती है और बात भी."

काकांचं घर आतून स्वच्छ सारवलेलं होतं. दोराची वेटोळी, एक गोधडी, अन् भिंतीला लागून पाण्यानं भरलेल्या घागरीच घागरी. संध्याकाळी माझी बाज तिथं आली, मला कळा लागल्या, अन् सासूबाई म्हणाल्या, शेगडीला विस्तव लागेल. काकांनी भिंतीच्या घागरी एकदा मोजल्या. मग घमेलं घेऊन आमच्या घरी गेले अन् निखारे घेऊन, वर दुसरं घमेलं झाकून, अनवाणी, एकेक पाऊल टाकत परत आले. गल्लीतले सगळे दारात येऊन पाहत होते. त्यांनी ते घमेलं दुसऱ्या कोणाला दिलं नाही. त्यांनी मोठ्या परातीत पाणी घातलं, मधे दगड ठेवला, त्यावर शेगडी ठेवली अन् सासूबाईंना म्हणाले, "आता घाला खाली."

पहाटे पहाटे मी मोकळी झाले. मुलगी झाली. सुईणीनं बाहेर सांगितलं तेव्हा काका ओट्यावरच बसलेले होते. ते तसेच उठून ठाण्याकडं पळाले. जमादार नुकतेच उठले होते म्हणे. "क्या हुआ?"

"झालं, साहेब! आज झालं!"

"अरे क्या हुआ? कहां लगी?"

"पोरगी झाली! दोघी चांगल्या हायेत!"

जमादारांनी त्यांना मिठी मारली असं शिपाई सांगायचा. मी पाहिलं नाही, पण माझा विश्वास आहे.

रोज शेकाच्या वेळी काका खोलीच्या उंबऱ्याबाहेर, आमच्याकडं पाठ करून बसत. दोन्ही बाजूंना दोन घागरी. निखारा चटकला की त्यांचे खांदे आखडायचे. सासूबाईंना आडपडदा ठाऊक नाही. एक दिवस त्यांनी माझी पाठ चोळता चोळता विचारलं, "नागोजी, तुमाले एवढं भेव कायचं?"

काका पाठ न वळवता बोलले. "माही बायको पातुरले बाळंत झाली होती, वैनी. बाजेखाली शेगडी होती. गोधडी खाली लोंबली असन. मी वावरात होतो. धूर पाह्यला अन् पयत आलो."

"अन् लेकरू?"

"पोरगी होती."

सासूबाईंचा हात माझ्या पाठीवर थांबला. माझं बाळ माझ्या छातीशी होतं, ते मी घट्ट धरलं. मला हुंदका आवरला नाही. सासूबाईंनी नाक पदराला पुसलं अन् रागावल्यासारख्या म्हणाल्या, "मंग हे आजवर सांगतलं काहून नाई?"

"सांगून काय होते? लोकं हळहळले असते, अन् चूल जागीच ठेवून झोपले असते."

बाहेर मामंजी उभे होते. नातीला पाहायला आले होते, पण आत यायला लाजत होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी हातातली चिलीम काकांच्या घागरीत बुडवली अन् ते काकांच्या शेजारी जमिनीवर बसले.  बारशाच्या आधी आमचा कापूस गाड्यांत भरून बाजारात गेला. "भाव बरा आला म्हून इकला," मामंजी सगळ्यांना सांगत होते. आम्ही कोणी वाद घातला नाही. त्यांचं पाहून जोशीबुवांनी माजघर मोकळं केलं, अन् मग एकेक करत गल्लीतली घरं माणसांना राहण्यासारखी झाली. देव शिंक्यावरून खाली आले.

बारसं काकांच्याच घरी झालं. नाव काय ठेवायचं यावर बायांचा गलका चालला होता. कोणीतरी म्हणालं, ज्योती ठेवा. काका दारातून कळवळून ओरडले, "ज्योती नोको, बाप्पा! पूर्णा ठेवा. नदी हाये. घरात पानी राहीन." नणंदेनं बाळाच्या कानात पूर्णा म्हटलं.

सव्वा महिना झाला. आम्ही घरी जायला निघालो. मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं. सासूबाईंनी शेवटची शेगडी उचलली अन् काकांना बरं वाटावं म्हणून तिच्यावर ओतायला तांब्या हातात घेतला.

"थांबा, वैनी," काका म्हणाले. "इझवू नोका."

सासूबाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हनता?"

"उलसा इस्तव राहू द्या." ते बाळाकडं पाहत होते. "पोरगी आता रांगन, चालन. रस्ता ओलांडून इकडं येईनच ना कधी. तिले थंड्या घरात कसं बसवू?"

सासूबाई उंबऱ्यातून परत आत गेल्या. अंगणातून त्यांनी तीन दगड आणवले, माती कालवली, अन् भिंतीपासून चांगली लांब, घराच्या मधोमध चूल मांडली. मी बाळ काकांच्या मांडीवर दिलं अन् ज्वारीचं पीठ मळायला बसले. बाळंतीण इतक्यात कामाला लागली म्हणून कोणी बोललं नाही. भाकर फुगली, तशीच तव्यावरून उतरून मी काकांच्या हातावर ठेवली. इतकी वर्षं त्यांनी घरोघरची उरलेली, गार भाकर खाल्लेली. गरम भाकर कशी खातात हेच ते विसरले होते. फुंकर न घालता त्यांनी घास तोंडात टाकला, जीभ पोळली अन् डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

"तोंड पोळलं," ते म्हणाले.

"हाव, गरम हाये," सासूबाई म्हणाल्या, अन् त्यांनी मला दुसरी भाकर टाकायला सांगितली.